भिंतीवरची कुंकवाची बोटं

उपयोगाचं तेवढं आधी सांगून टाकते. छातीच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर दवाखान्यातून हाताच्या व्यायामाचा कागद मिळतो. तो घडी घालून ठेवू नका. डॉक्टरांना विचारून, त्यात लिहिलंय तसं, हळूहळू पण रोज करा. दुखतं. तरी करा.

हे लिही म्हणून आमच्या शाळेतल्या बाया माझ्या मागे लागल्या होत्या. कुंदाताई धीराची बाई, चारजणींना हिंमत येईल, असं त्यांना वाटतं. मी धीराची नाही, फटकळ आहे, आणि लोक या दोन्हींत नेहमी गल्लत करतात. तीस वर्षं पोरांना सांगत आले, आधी सूचना वाचा, मग पेपर सोडवा. माझ्या स्वतःच्या पेपरला मी काय केलं ते पुढे येईलच.

रिपोर्टचा दिवस

गाठ मला मे महिन्यात आंघोळ करताना लागली आणि शाळा उघडेपर्यंत मी ती अंगावर काढली. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टर बोलत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते. आधी इंजेक्शनं, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. माझ्या नवऱ्याने, विलासने, एकच प्रश्न विचारला. "साहेब, दिवाळीच्या आत आटपेल ना सगळं?" घराला रंग द्यायचा असल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच दिवाळीनंतर होईल.

आम्ही रिक्षा केली, जळगावातच मेहरूणला घरी आलो, मी खिचडी टाकली, जेवलो. मग विलास ताटावरून उठता उठता थबकला. आमची स्कूटर दवाखान्याच्या दारातच राहिली होती. ती आणायला तो गेला आणि दोन तासांनी आला. दवाखाना घरापासून वीस मिनिटांवर आहे. त्याचे डोळे सुजलेले होते.

मायला फोन मीच केला. माय म्हणजे माझी आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, धुळ्याला माझ्या धाकट्या भावाकडे, राजूकडे राहायची. शाळेचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं. मी सांगितलं ते तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवनी का तू?"

मायचे हात

मायची ओळख मांड्यांवरूनच करून द्यावी लागेल. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर अलगद सोडायचा. ना लाटणं, ना पोळपाट, सगळी करामत हातांची. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि आमरसाबरोबर मांडे होतात. माय मांडा वर उडवायची तेव्हा गल्लीतल्या सुना बघायला यायच्या. मला तिने बाराव्या वर्षी शिकवलं. माझे पहिले वीसेक मांडे शेजारच्यांच्या म्हशीने खाल्ले.

म्हणून ऑपरेशनच्या आधी मी सर्जनना बाकी काही न विचारता हाताचं विचारलं. गाठ उजव्या बाजूला होती. ते म्हणाले, "हात कुठे जात नाही. पण काखेतल्याही गाठी काढाव्या लागतील. नंतर तो हलता ठेवणं तुमच्या हाती."

नळी आणि पिशवी

ऑपरेशननंतर कुशीतून एक नळी बाहेर येते, तिला एक डबी असते आणि त्यात लाल पाणी जमतं. ती डबी घेऊन संडासला जायचं, ती घेऊनच झोपायचं. धुळ्याहून सोबतीला आलेल्या मायने आपल्या जुन्या लुगड्याची एक पिशवी शिवली, नाडी लावून, गळ्यात अडकवायला. हिरवी, लाल काठाची. वॉर्डातल्या दोघीजणींनी तशीच मागितली तेव्हा तिने खाटेवर बसून आणखी दोन शिवल्या. दवाखान्यातले ते सहा दिवस आठवले की ती पिशवीच पहिली आठवते.

तिसऱ्या दिवशी फिजिओवाली मुलगी आली. हसरी, माझ्या लेकाच्या वयाची. तिने एक कागद दिला, त्यावर चित्रं होती. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची. हात लोंबता सोडून हळू झुलवायचा. केस विंचरायचे.

"केस कुठे आहेत?" मी म्हटलं. इंजेक्शनांनी डोकं सफाचट झालेलं होतं.

"मग विंचरल्यासारखं करा, काकू. हाताला काय कळतंय?"

मी हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले आणि टाके ओढले गेले. ती जाताना बजावून गेली, "आराम करा, पण हाताला आराम देऊ नका. पुढे रेडिएशनला हात डोक्यावर घेऊन झोपावं लागतं." हे मी नीट ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

सव्वा महिना

माय मला धुळ्याला घेऊन गेली. विलासची रजा संपली होती, लेक पुण्याला नोकरीला, आणि मायचं म्हणणं असं, की मोठं दुखणं माहेरी काढावं. राजूची बायको मंगला हिने आतली खोली रिकामी करून दिली. मायने खिडक्या लावून घेतल्या, माझ्या कानांना फडकं बांधलं आणि मला खाटेवर निजवलं.

"ऑपरेशन म्हणजे बाळंतपणच शे, बेटा," ती म्हणाली. "सव्वा महिना निजी ऱ्हाय. हात हालाडू नको."

आमच्याकडे बाईच्या अंगातून रक्त गेलं की बाळंतपण, एवढंच तिला ठाऊक. माझं एकुलतं बाळंतपण तिनेच केलं होतं. तेच डिंकाचे लाडू, तीच बाळंतशोप, तेच पायांना तेल. फरक एवढाच, की या वेळी पाळण्यात कोणी नव्हतं आणि ज्याने पाजायचं तेच कापून नेलेलं होतं. हे तिलाही कळत असणार. एकदा तेल लावता लावता तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, तेल उडालं.

धुळ्याला आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कागदाप्रमाणे भिंतीसमोर उभी राहिले. बोटं खांद्याच्या जरा खाली गेली आणि काखेत अशी कळ आली की मी ओरडले. माय स्वयंपाकघरातून धावत आली. माझा हात धरून तिने खाली घेतला, छातीशी लावला, तिच्या छातीशी, आणि मला खाटेवर नेलं. "मी शे ना. तू कसाले उठनी?"

तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं. माय, हे डॉक्टरांनी सांगितलंय, हा बघ कागद, चित्रं बघ. एका वाक्याचं काम होतं. मी कागदाची घडी केली आणि ती उशीच्या अभ्र्यात आत सरकवली.

का, याचं उत्तर मी स्वतःशी पुष्कळ वेळा शोधलं. कळ येत होती हे खरं. पण तेवढंच नव्हतं. पाच महिने मी धीराची बाई म्हणून मिरवले होते आणि आता कोणी तरी मला भरवत होतं. हात हलायला लागला की मी बरी, आणि बरी झाले की पुढची तारीख, पुढचं मशीन. अंधाऱ्या खोलीत कानाला फडकं बांधून पडून राहिलं की आजाराला आपला पत्ता सापडत नाही असं वाटायचं. फिजिओवालीचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी म्हटलं, "हो गं, रोज करते."

माय वाचू शकत नव्हती. मला वाचता येत होतं.

टेबलावर

पौषात जळगावला परत आले. माय सोबत आली. रेडिएशनची मापं घ्यायच्या दिवशी मला टेबलावर निजवून तिथला माणूस म्हणाला, "हात वर घ्या, डोक्याच्या मागे." हात छातीच्या वर जाईना. त्याने हळूच धरून बघितला, मी किंचाळले. डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, "किती दिवस हलवला नाही?" मग तेच म्हणाले, "हा हात वर गेल्याशिवाय रेडिएशन देता येणार नाही. आणि फार थांबताही येणार नाही. तीन आठवडे. लागा कामाला."

बाहेर बाकावर माय डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "व्हयनं का?"

एरवी मी शाळेतली मराठी बोलते. त्या दिवशी तोंडातून घरची बोली निघाली. "तू मना हात वाया घालाडा, माय! तुना बाळंतपणनी घालाडा!" बाकावरची सगळी माणसं बघायला लागली. विलास म्हणाला, "अगं, हळू." मी थांबले नाही. कॅन्सरला बोलता येत नाही, डॉक्टरांना बोलता येत नाही, स्वतःला तर मुळीच नाही. समोर माय होती. वड्याचं तेल वांग्यावर काढतात, तसं मी काढलं.

मायने डब्याचं झाकण दोनदा दाबून बसवलं. मग म्हणाली, "मनी चूक व्हयनी, बेटा."

तिची नव्हती. तिथे, त्या बाकासमोर, मला ते ठाऊक होतं.

कुंकवाची बोटं

त्या संध्याकाळी फिजिओवालीने मायला सगळं समजावून दिलं. मी कागद हरवला असं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माय माझी मास्तरीण झाली. सकाळी गरम पाण्याच्या पिशवीने खांदा शेकायची, मग मला हॉलमधल्या भिंतीसमोर उभी करायची. माझी बोटं जिथे थांबतील तिथे कुंकवाचं बोट टेकवायची. बाबा गेल्यापासून ती देवापुरताच कुंकवाला हात लावत होती. आता तिच्या उजव्या बोटाचं टोक दिवसभर लाल असायचं. बारा दिवसांनी माझा हात तिच्या उंचीच्या वर गेला, तेव्हा ती पाटावर उभी राहायला लागली.

"देख, कालनापेक्षा दोन बोट वर गया."

कधी कधी दोन बोटं वर गेलेला नसायचा, अर्धंच बोट गेलेला असायचा. ती दोनच म्हणायची. मी रडायचे, चिडायचे, एकदा तर कुंकवाची वाटी ढकलून दिली. तिने फरशी पुसली आणि म्हणाली, आता पुन्हा पाच वेळा. संध्याकाळी आम्ही मेहरूण तलावाच्या कडेने चालायचो. हात झुलवत चालायचं, असं फिजिओवालीने सांगितलं होतं. मी एकटीने झुलवला तर लोक बघतील, म्हणून मायही माझ्याबरोबर दोन्ही हात जोरात हलवत चालायची, नऊवारीत, शाळेच्या कवायतीतल्या पोरीसारखी. एक गृहस्थ थांबून म्हणाले, "आजी, या वयात भारी व्यायाम!" माय म्हणाली, "मनी पोरले नाद लागेल शे, मी काय करू?"

हे सगळं ती पापक्षालन म्हणून करत होती. मला ते दिसत होतं. उपास धरला होता तिने, मला न सांगता. सोमवारी ताटात भाकर नसायची.

विसाव्या दिवशी हात डोक्याच्या मागे गेला. रेडिएशन सुरू झालं. सुरुवातीचे आठ दिवस राहून माय धुळ्याला निघाली. बसमध्ये खिडकीशी बसून म्हणाली, "आखाजीले ये. आपू दोन्ही मांडा करूत." मी खिडकीच्या गजावर हात ठेवला होता, उजवाच. आता सांगू, असं खरंच ओठावर आलं होतं. पण बसमध्ये माणसं होती, आणि मला वाटलं, आखाजीला सांगू. दोघी चुलीशी असू. तिच्यासमोर मांडा वर उडवून दाखवीन आणि मग सांगीन, की माय, तुझी चूक नव्हती. तेव्हा सांगितलं तर तिला हसूही येईल.

त्यानंतर रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "हात कसा शे?" मी म्हणायचे, छान आहे. मग ती जरा वेळ काही न बोलता फोन धरून ठेवायची. म्हातारपण, असं मला वाटायचं.

चैत्रात

चैत्रातल्या एका दुपारी जेवून ती आडवी झाली ती उठलीच नाही. राजूचा फोन आला तेव्हा मी शाळेत फळ्यावर लिहीत होते, आजारानंतर पहिल्याच आठवड्यात, हात पुरता वर करून. आखाजीला तीन आठवडे होते.

धुळ्याला पोचलो. तिला शेवटची आंघोळ घालताना बायांनी मला तांब्या दिला नाही. "तिना हात दुखस, तिले नको," म्हणाल्या. हात दुखत नव्हता. मी तेही सांगितलं नाही.

लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण आलं, कोणाला पाणी मागितलं नाही. सगळं खरं आहे. पण माझा हात आपण घालवला होता, हे मनात धरून ती गेली, आणि ते मी तिच्या मनात घातलं होतं. माझा आजार बरा होईल, रिपोर्ट आजपर्यंत चांगले आहेत. याला मात्र कोणी औषध दिलेलं नाही.

आखाजी

जायचं नव्हतं. विलास म्हणाला, "तिने बोलावलंय तुला." म्हणून गेले.

मंगलाने चूल पेटवून खापर ठेवलं होतं. पुरणही तिनेच वाटलं होतं. तिला मांडे येत नाहीत. पहिला उंडा मी घेतला आणि हातांवर झेलायला लागले. मांडा मनगटावरून कोपरापर्यंत पसरत गेला, वर गेला, खाली आला, फाटला नाही. मंगला म्हणाली, "अक्का, मायनागतच!" आणि मला रडू फुटलं. तो मांडा खापरावर टाकून मी तिला सगळं सांगून टाकलं. कागद हरवला नव्हता. मी लपवला होता, याच घरात, उशीत. मायची काही चूक नव्हती आणि मी तिला चारचौघांत बोलले.

मंगलाने जाळ कमी केला. माझ्याकडे बघितलं नाही.

"मायले ठाऊक व्हतं, अक्का."

मला कळेना.

"जळगावहून उन्यात तवय उशीना अभ्रा धुवाले काढा त्यासनी. कागद खाले पडना. चित्तर देखीसन त्या वळखी गयात. मनाकडथून वाची ल्हिदा." मंगलानेच तो मायला वाचून दाखवला होता. "मी म्हनं, अक्काले फोन करूत का? त्या म्हनन्यात, नको. ती सोताच सांगी. आखाजीले ई, तवय सांगी. तू काही बोलू नको, तिले वाईट वाटी."

म्हणजे रोज संध्याकाळी ती फोन धरून गप्प राहायची ते म्हातारपण नव्हतं. मी स्वतःहून सांगेन म्हणून ती वाट बघत होती.

मी आतल्या खोलीत गेले. खाट तिथेच होती. उशीचा अभ्रा धुतलेला, पट्टीसारखा कडक. आत हात घातला. कागद होता. तिने तो होता तसाच घडी घालून परत ठेवला होता, मला सापडेल अशा जागी.

बाहेर राजूने उंबरठा पुसून घेतला होता. पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर खरबूज, बाजूला कुंकवाची वाटी. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांचं एकेक नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढतात. राजूने पणजोबांचं ओढलं, आजोबांचं, आजीचं, बाबांचं. मग म्हणाला, "अक्का, मायनं बोट तू वढ."

मी वाटीत बोट बुडवलं. माझा हात आता पुरता वर जातो. मेहरूणच्या भिंतीवरच्या तिच्या शेवटच्या खुणेच्याही वर वीतभर. त्या दिवशी तो खाली उंबरठ्यापर्यंत जाता जाईना. सगळे थांबले होते. शेवटी मंगला शेजारी येऊन बसली, तिने माझं मनगट धरलं आणि माझ्याच हाताने मायचं बोट उंबरठ्यावर ओढवलं.